साय न धरणारा श्वास

वंदनाक्का गेल्याचा फोन आला तेव्हा राजश्री खोत करूळ घाटाच्या तिसऱ्या वळणावर होती, आणि तिनं ते वळण अगदी नीट घेतलं.

पुढची सगळी वळणंही नीटच घेतली. नऊ हजार लिटरचा टँकर, आत चार अंशांवरचं दूध, बाहेर सकाळचं कोवळं ऊन. खाली केंद्रावर दूध उतरवलं, टाकी धुऊन घेतली, पावतीवर सही केली, चहा नको म्हणाली. मग तिथल्या माणसाला सांगितलं, "थोरली बहीण गेली माझी. बदली ड्रायव्हर द्या." तेही कसं, तर "चार्जिंग संपत आलंय" असं सांगावं तसं. तो बिचारा हातातला कप घेऊन बघतच राहिला.

आक्काच्या गावात रीत अशी की मयताच्या घरी पाहुणी बाई आली, की दारातच घरच्या बाईच्या गळ्यात पडायचं आणि मोठ्यानं रडायचं. नुसतं मुळूमुळू नाही, हेल काढून, गेलेल्या माणसाचे गुण सांगत सांगत. पोटात दुःख असेल तर मोकळं होतं, नसेल तर निदान तसं दिसत तरी नाही! राजश्री दारात पोचली तशी आक्काची लेक केतकी आतून धावत आली.

"मावशे! आई गेली गं माझी! आता कुणाच्या तोंडाकडं बघू गं मी!"

राजश्रीनं तिला जवळ घेतलं आणि पाठीवर थापटायला लागली. समोर भिंतीवर घड्याळ होतं. अकरा चाळीस. टाकी धुतली का? धुतली. झाकण लावलं का? लावलं. केतकीचे अश्रू मानेवर ओघळले, तिथल्या चपट्या पांढऱ्या पट्टीवर पडले. पट्टी भिजली तर चालते का, असा एक विचार येऊन गेला.

ओसरीवर बसलेल्या बायकांनी एकमेकींकडं पाहिलं.

"लई मोठी गाडी चालवती न्हवं का. काळीज बी स्टीलचं बसवून घेतलं असंल."

"अगं, वंदीनं हिला पोरीगत वाढवली. स्वतः वाळकी भाकरी खायची आन् हिला साय-साखर भरवायची. बघ की, डोळं कोरडं ठाक!"

राजश्रीला ऐकू आलं. शब्दन् शब्द. पाण्यात हात घालावा आणि हात ओलाच होऊ नये, तसं झालं.

परतताना स्कूटरवर मागं बसलेली जुई, म्हणजे तिची नववीतली मुलगी, बराच वेळ गप्प होती. आणि जुई गप्प बसणं म्हणजे साधी गोष्ट नव्हे. वर्गात तिला बोलण्याबद्दल उभं करायचे आणि ती उभी राहून बोलायची.

"आई, तू रडली नाहीस."

"नाही आलं."

"प्रयत्न केलास?"

"केला की. आक्काचं तोंड बघितलं, पाय बघितले. ती मला वेणी घालून शाळेत सोडायची ते आठवलं. आठवतंय गं सगळं. पण वर येत नाही काही."

*

हे सगळं कळायचं तर राजश्रीच्या घोरण्यापासून सुरुवात करायला हवी. आणि घोरणं तरी कसलं! तिचा नवरा रणजित गावचा वायरमन. तो चारचौघांत सांगायचा, "माझी बायको दिवसभर टँकर चालवते, आणि झोपेत पहिल्या गिअरात घाट चढते." राजश्री लाटणं उगारायची. सगळे हसायचे.

हसण्यासारखं ते नव्हतं. झोपेत आपल्या घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ मागं घसरते. काहींची वाट त्यामुळं पुरती बंद होते. छाती ओढतेय, हवा येत नाही. दहा सेकंद, वीस सेकंद. रक्तातला प्राणवायू उतरतो, मेंदू घाबरून माणसाला हलवतो, माणूस घुसमटून एक श्वास ओढतो आणि परत झोपतो. सकाळी त्याला यातलं काही आठवत नाही. राजश्रीचा श्वास असा तासाला साठ वेळा अडायचा. म्हणजे ती झोपायची कुठं? मिनिटामिनिटाला जागीच व्हायची!

मग एकदा सकाळी साडेदहाला, लख्ख उन्हात, ती उघड्या डोळ्यांनी चार सेकंद झोपली. टँकर रस्ता सोडून भाताच्या शेतात गेला. कुणाला लागलं नाही, फक्त एक बुजगावणं आडवं झालं. पण त्या बुजगावण्याला कुणाचा तरी जुना सदरा घातलेला होता, आणि चाकाखाली तो सदरा दिसल्यावर राजश्रीनं जी किंकाळी फोडली, ती तीन वावरं पलीकडं ऐकू गेली म्हणतात.

तेव्हापासून घरात यंत्रं यायला लागली. पहिलं एकाच दाबाचं. नाकावर मुखवटा, त्यातून हवेचा सारखा झोत. त्या दाबानं घसा उघडा राहायचा. साधं आणि भरवशाचं, पण श्वास सोडताना वाऱ्याच्या तोंडावर सायकल मारल्यासारखं वाटायचं. दुसरं आपला आपण दाब बदलणारं. चढ आला की जोर, सपाटी आली की कमी. ते चांगलं होतं, पण राजश्रीला चढच इतके, की ते सारखं जोरच लावायचं. तिसरं दोन दाबांचं. श्वास घेताना जास्त, सोडताना कमी. हे तिला मानवलं. मुखवट्याचा वळ नाकावर उठायचा, सोंडेसारख्या नळीमुळं रणजित तिला "हत्तीण" म्हणायचा, पण साठाचे सहा-सात झाले. कोल्हापूरच्या देवकुळे मॅडम, झोपेच्या डॉक्टर, खूश झाल्या.

दूध संघ खूश झाला नाही.

दूध संघात एकच भाषा चालते. फॅट किती, डिग्री किती, पाणी किती. सगळ्याला आकडा, आणि आकड्याला मर्यादा. सुरक्षा विभागाचे मुळीकसाहेब तीस वर्षं दूध तपासून त्या खुर्चीवर आलेले. ते म्हणाले, "थोडं पाणी घातलेलं दूध आपण घेतो का? न्हाई न्हवं? मग थोडा अडणारा श्वास कसा घ्यायचा? ड्रायव्हर शून्यच पाहिजे." माणूस वाईट नव्हता, दुसऱ्या एका संघाचा टँकर दरीत गेलेला त्यांनी स्वतः पाहिला होता. नियम झाला. आणि नियम झाला की शून्य देणारं यंत्र बाजारात यायला कितीसा वेळ लागतो?

त्याचं नाव समश्वास. झोपताना नाकात हवा सोडणारी दोन मऊ बोंडं, आणि मानेवर चोवीस तास एक चपटी पट्टी. आधीची यंत्रं श्वास अडला की धावायची. हे बारा सेकंद आधी ओळखायचं. तुमचा श्वास ते शिकून घ्यायचं आणि मानेतल्या नसांना बारीक झिणझिण्या देऊन मेंदूच्या बुडाशी असलेल्या श्वासाच्या केंद्राला वळण लावायचं. दिवसासुद्धा. पंधरा दिवसांत श्वास असा काही एकसारखा होतो, की जणू पट्टी धरून रेघा मारल्यात.

राजश्रीचा आकडा शून्य आला. चौदा महिने शून्य. संघानं तिचा सत्कार केला, स्टीलची घागर दिली. संघाची ती पहिली बाई ड्रायव्हर. टँकरचं नाव तिनं हरणी ठेवलं होतं आणि दसऱ्याला त्याला सासूपेक्षा मोठा हार घालायची. त्या वर्षी हार रणजितनं आणला. ती विसरली नव्हती. तिला फक्त आणावासा वाटला नव्हता.

*

रक्षाविसर्जन झालं, तेरावं झालं, शाळेत विज्ञान प्रदर्शनाची सूचना लागली. जुईनं विषय दिला, "श्वासाची यंत्रं : तुलना". बाकीच्यांना ज्वालामुखी करायचे होते. जुई म्हणाली, "ज्वालामुखी काय कुणीपण करतं. आमच्या माळ्यावर तीन यंत्रं धूळ खातायत, चौथं आईच्या गळ्यात आहे!"

रविवारी दुपारी तिनं चारही यंत्रांची नोंद संगणकावर काढली आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर आलेखांच्या लांबलचक पट्ट्या पसरल्या. राजश्री एका कडेला भेंडी चिरत होती.

"हे बघ आई. हे तिसऱ्याचं. इथं श्वास, श्वास, श्वास, आणि ही टेकडी. दिसली? श्वास अर्धा वर गेलाय आणि त्याच्या डोक्यावर दुसरा श्वास चढलाय. मग जरा सपाट. मी मोजल्या, तासाला अकरा-बारा टेकड्या. पहिल्यातपण आहेत, दुसऱ्यातपण." तिनं चौथी पट्टी ओढली. "आणि हे समश्वास. टेकडी दाखव."

राजश्रीनं बघितलं. लाटा, सगळ्या सारख्या. "नाही."

"चौदा महिन्यांत एक नाही! काय असेल सांग? मी सरांना विचारलं. उसासा आहे तो!"

रणजित दारात तारेचं वेटोळं घेऊन उभा होता. "उसासा? त्यात काय एवढं? हा बघ." त्यानं छाती भरून उसासा टाकला. "मुळीकसाहेबाचं नाव काढलं की आपोआप येतो."

"आई, तू टाक बघू."

राजश्रीनं सुरी ठेवली. श्वास घेतला. त्यावर आणखी एक चढवायला गेली, आणि पायरी संपल्यावरही पाऊल उचलावं तसं झालं. वर काही नव्हतंच. "हां," असा आवाज करून तिनं श्वास सोडला. पुस्तकातला उसासा मोठ्यानं वाचून दाखवल्यासारखा.

रणजित हसायला लागला आणि अर्ध्यातच थांबला.

*

देवकुळे मॅडमनी पट्ट्या दोनदा बघितल्या. मग चष्मा काढून जुईला म्हणाल्या, "हे कंपनीच्या माणसानं मला सांगायला हवं होतं. तू सांगितलंस."

मग त्यांनी समजावलं. उसासा म्हणजे दुःखच असं नाही. फुप्फुसात बारीक बारीक फुगे असतात, त्यातले काही मिटत जातात. दर पाच-सहा मिनिटांनी एक दुप्पट श्वास येतो आणि त्यांना उघडतो. आपल्याला कळतही नाही. पण त्यानंतर श्वास क्षणभर थांबतो. "ते थांबणं यंत्राला अडणंच वाटतं. संघाच्या फॉर्मात रकाना एकच, 'थांबला किती वेळा'. कशामुळं थांबला, याला जागाच नाही. शून्य पाहिजे म्हटल्यावर कंपनीनं उसासाच काढून टाकला. फुगे यंत्राच्या दाबानं उघडतात, त्यामुळं छातीचं काही बिघडत नाही."

"मग बिघडलं ते काय?" राजश्रीनं विचारलं.

"ते मोजायचं यंत्र माझ्याकडं नाही. दर थोड्या वेळानं मन जुनं टाकून नव्यानं भरतं, ते बहुतेक याच श्वासाच्या आधारानं. माझ्याकडं असे अकरा ड्रायव्हर येतात. सगळ्यांचे आकडे शून्य. एकानंही गाडी ठोकलेली नाही, हेही खरं. पण अकराही जणांच्या घरची माणसं जाताना दाराशी थांबतात आणि हळू आवाजात माझ्याशी बोलतात."

रणजितनं मान खाली घातली. तोही थांबला होता.

तिसऱ्या यंत्रावर परत जाता येईल, मॅडम म्हणाल्या. उसासे येतील. आकडाही सहा-सातवर जाईल. म्हणजे संघाच्या नियमानं स्टिअरिंग जाईल.

"मॅडम," राजश्री म्हणाली, "मला वाईट वाटत नाही. बरं पण वाटत नाही. मग बदलायचं का नाही, हे मी ठरवू कशावरनं?"

मॅडमनी पट्ट्यांची गुंडाळी करून जुईच्या हातात दिली.

बाहेर आल्यावर रणजित रस आणायला गेला. मायलेकी लिंबाखालच्या बाकावर बसल्या.

"जुई, घाटात भरदुपारी धुकं उतरतं. समोरचा रस्ता दिसत नाही, बॉनेट दिसत नाही. तवा काय करायचं ठाऊक आहे? कडेचा पांढरा पट्टा धरायचा. पट्टा जाईल तिकडं चाक. रस्ता आहे का नाही, ते विचारत बसायचं नाही."

"मग?"

"मग तू सांग. मी आधी बरी होते का?"

जुई विचार करून, बोटं मोजत म्हणाली, "आधी तू लई ओरडायचीस. बाबांसमोर ताट आपटायचीस. वेणी घालताना असा हिसका द्यायचीस की डोळ्यांत पाणी यायचं. मालिका बघून रडायचीस आणि नाक माझ्या ओढणीला पुसायचीस. शी!" ती थांबली. "हो. बरी होतीस."

राजश्रीनं मान हलवली. पांढरा पट्टा दिसला होता.

*

प्रदर्शनाला प्रमुख पाहुणे कोण असतील? मुळीकसाहेब! बक्षिसाच्या ढाली संघानं दिल्या होत्या.

जुईच्या टेबलावर चार यंत्रं, आलेखाच्या पट्ट्या आणि दोन पातेली होती. दोन्हीत सकाळी तापवून निववलेलं दूध. एकात संघाच्या पिशवीतलं, दुसऱ्यात शेजारच्या म्हशीचं.

"साहेब, फॅट दोन्हीचं सारखंच केलंय. तुमच्याच केंद्रावर तपासून आणलंय." जुईचा आवाज पार पटांगणात जात होता. "पिशवीतलं दूध तुम्ही दाबानं बारीक चाळणीतून काढता, त्यातले स्निग्धाचे थेंब फुटून सगळीकडं सारखे पसरतात. बरोबर?"

"बरोबर. शाब्बास."

"मग यावर साय का नाही?"

"धरणारच न्हाई. थेंब वर येतच न्हाईत."

"आहेत पण वर येत नाहीत! समश्वास तेच करतो साहेब. माझ्या आईत सगळं आहे. आकडापण चांगला आहे. फक्त वर काही येत नाही."

लोक हसले, मग हसणं विरलं. मुळीकसाहेब रागावले नाहीत. त्यांनी उसाशांच्या टेकड्यांवरून बोट फिरवलं. "बाळ, एक सांगू? साय धरणारं दूध लांब पाठवता येत न्हाई. वाटंतच नळ्या तुंबतात. मला हजारो लिटर न्यायचं असतंय. आन् ज्याच्या अंगावर टँकर जातो, त्याला ड्रायव्हरला उसासा येतोय का, याचं काय?"

जुईनं आईकडं पाहिलं.

राजश्री पुढं आली. हरणीची चावी तिनं टेबलावर, दोन पातेल्यांच्या मधे ठेवली.

"साहेब, तुमचं चुकत नाही. मला नळीतनं काढा. तपासणीच्या टेबलावर बसवा."

मग मानेवरची पट्टी सोलून काढली आणि चावीशेजारी ठेवली. मुळीकसाहेब म्हणाले, उसाशांचा वेगळा रकाना करा म्हणून मी वर पत्र लिहितो, बघू. राजश्री "हो" म्हणाली. अकरा वर्षांची गाडी सोडताना तिचा हात जराही थरथरला नाही. जुई रडली, ती ते बघून.

तिला तिसरं बक्षीस मिळालं. पहिलं ज्वालामुखीला.

*

मेंदूला लागलेलं वळण एका दिवसात जात नाही. तिसरं यंत्र माळ्यावरून खाली आलं, नाकावर वळ परत उठायला लागला, आणि बाकी काहीच झालं नाही. राजश्री सकाळी आठला तपासणीला जायची, नळ्यांत दूध भरायची, आकडे लिहायची. खिडकीतून हरणी जाताना दिसायची. कुणीतरी नवा पोरगा गिअर करकर वाजवत घालायचा. ती बघायची आणि पुढची नळी उचलायची. एक आठवडा, दोन, पाच. रणजित रोज नोंद बघायचा आणि मान हलवायचा.

सहाव्या आठवड्यात, शनिवारी सकाळी, जुई गॅसवर म्हशीचं दूध ठेवून मैत्रिणीशी फोनवर बोलत उभी राहिली. बोलताना तिला भान नसतंच. दूध वर आलं, फसफसलं आणि शेगडीभर सांडलं.

"डोळे फुटले काय गं तुझे?" राजश्री ओरडली. "अर्धा लिटर दूध! अक्कल कुठं गहाण टाकलीस? ठेव तो फोन! ठेव म्हणते ना!"

जुई तोंड उघडं टाकून बघत राहिली. मग किंचाळली, "बाबा! बाबा, या लवकर! आई ओरडली! माझ्यावर ओरडली!" आणि नाचायलाच लागली.

"नाचतीस काय, फडकं आण!"

फडकं राजश्रीनंच घेतलं. पातेल्यात उरलेल्या दुधावर बघता बघता साय धरत होती, मधे सुरकुती पडलेली, पिवळसर. तिनं सवयीनं बोटानं ती कडेला ओढली. आक्का अशीच ओढायची. वर साखर भुरभुरायची आणि म्हणायची, गप खा, आईला सांगू नको.

राजश्रीनं श्वास घेतला. आणि त्या श्वासावर, न बोलावता, दुसरा चढला.

तिनं शेगडीचा कठडा धरला. "अहो," ती कशीबशी म्हणाली, "स्कूटर काढा."

आक्काच्या दारात आता ना गर्दी होती, ना ओसरीवर बायका. केतकी आत चहा करत होती. आंघोळ करून, केस बांधून, कामाला निघायच्या तयारीत. तिचं रडणं कधीच रडून झालं होतं. दारात मावशी दिसली, तोंड वाकडं झालेली, पदराचा बोळा हातात धरलेली.

"मावशी? काय झालं गं? आता कशी आलीस?"

"आता आलं गं," राजश्री म्हणाली, आणि उंबऱ्यातच तिच्या गळ्यात पडली. "माझी आक्का गेली गं केतके! साय-साखर कोण भरवंल गं मला!"

मोठ्यानं, हेल काढून. गल्लीतली दारं उघडली. केतकी गांगरली, मग तिनं मावशीला जवळ घेतलं आणि पाठीवर थापटत राहिली. समोर घड्याळात नऊ वीस झाले होते. मागं चहा उतू जायला आला होता. मावशीला न सोडता, एक हात लांब करून, केतकीनं हळूच गॅस बंद केला.